तीन फूट पाणी

गुरुजी, तुमचं पुस्तक एका पानावर अडलंय. परवा तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि काल सकाळी भिवंडीच्या छापखान्यातून नसीमचा फोन आला. "बाई, बाकी सगळी पानं लागली. फक्त ते उघाडीवालं पान राहिलंय. गुरुजी बोलले होते, सांगतो म्हणून." सांगतो म्हणाले होते! घ्या. आता या आणि सांगा.

सगळी शाळा तुम्हाला गुरुजी म्हणायची, म्हणून मीही गुरुजीच म्हणत आले. लग्न करून आले तेव्हा मी तुमच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर लागले होते. पोरांसमोर 'अहो' म्हणायची चोरी, आणि घरी येईपर्यंत तोंडाला तेच वळण लागलेलं. तुमच्या आईला ते कधी आवडलं नाही. तुम्हाला आवडत असावं, कारण तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत.

उघाडीच्या, खाडीच्या बांधातल्या त्या दाराच्या पानावर काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी एकदा मोठ्याने म्हणून घेते, कारण या घरात ते म्हणायची सोय कधी नव्हती. 'उघाडीपाशी तीन फूट पाणी होतं. त्यात माझा मुलगा गेला, असे एक ग्रामस्थ महिला सांगतात.' ती ग्रामस्थ महिला म्हणजे मी. मुलगा म्हणजे आपला विनू, तीन वर्षांचा. आख्ख्या गावाची मापं तुम्ही फूट-मैलांतून काढून मीटरमध्ये बसवलीत आणि एवढं एक वाक्य तुमच्याने बसवलं गेलं नाही. ग्रामस्थ महिला काय, गुरुजी? बायको लिहिलं असतं तर कुणी दंड केला असता का?

मीटरचं वेड तुम्हाला आधीपासूनचं, हे मान्य. नवीन दशमान पद्धत आली तेव्हा तुम्ही नोकरीला नवे, आणि गावाला ती शिकवायची जबाबदारी जणू सरकारने तुमच्या एकट्याच्या डोक्यावर दिली होती. मला बघायला आलात तेव्हा माझ्या मामाने उंची विचारली. तुम्ही म्हणालात, "एकशे अडुसष्ट सेंटिमीटर." मामा घरात येऊन आईला म्हणाला, "पोरगा हुशार हाय, पन उंच हाय का ठेंगू ते काय कललं न्हाय." मी आतून सगळं ऐकलं आणि तिथेच ठरवलं, हाच. मांडवात उभे राहीपर्यंत तुमची उंची मला कळायची नाही, ही गंमत मी कशी सोडणार?

निवृत्त झाल्यावर तुम्हाला पुस्तकाचं सुचलं. दापोडे, मानकोली करत करत गोडाऊनं आपल्या वेशीला येऊन टेकली होती. आज एक शेत पत्र्याखाली, उद्या दुसरं. तुम्ही म्हणालात, गाव संपायच्या आत लिहून ठेवतो, आणि वाचनालयाने ते छापायचं कबूल केलं. मग तुम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात. बांध किती उंच होता, विहीर किती खोल, कशेळीच्या बंदरावर चालत जायला अंतर किती. सगळे सांगणार फुटात, मैलात, एकरात. तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणलंत आणि मग म्हणालात, आता हे सगळं बदलायचं, नाहीतर पुढच्या पोरांना काय कळणार?

लिहून झालं आणि साखरेने तुमच्या डोळ्यांची वाट लावली. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दुपारचा चहा झाला की पडवीत बसायचं, मी वाचायचं. माप आलं की थांबायचं. तुम्ही डोळे मिटून ओठ हलवायचात आणि आकडा सांगायचात, मी लाल पेनने वर लिहायचं. समोरच्या रस्त्यावर कंटेनर सुरू झाले की मला ओरडून वाचावं लागे. शेजारच्या घरात वाटायचं, आमचं भांडण चाललंय. कधी कधी चाललेलंही असायचं.

नऊवारीवर भांडलो ते आठवतं? तुम्ही लुगड्यालाही सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, "मग मी काय आता सव्वाआठ मीटरी नेसू?" तुम्ही खरोखर विचारात पडलात. साठ फुटी रस्त्याचा अठरा मीटरचा रस्ता करायला निघालात तेव्हा मी म्हटलं, रिक्षावाल्याला तसं सांगून बघा, तो तुम्हाला कुठे नेऊन सोडतो ते. शेवटी तुम्ही नियम केलात की नावाला हात लावायचा नाही. आणि कुणाच्या तोंडचं बोलणं असेल तर? तिथे मी अडून बसले. मेलेल्या माणसाने मैल म्हटलं तर त्याच्या तोंडी किलोमीटर घालणारे आपण कोण? तुम्ही म्हणालात, "तो बोलला ते पोचावं म्हणून. शब्द त्याचाच ठेवायचा आणि कुणाला कळायचं नाही, असं करून त्याचं काय भलं होणार?" भांडण तुम्हीच जिंकलात, कबूल मात्र मी केलं नाही.

तुमचा दुसरा नियम मला फार आवडायचा. आकडा गोल करायचा, पण वाढवायचा नाही. म्हातारा 'दोनेक मैल' म्हणाला असेल तर आपणही 'तीनेक किलोमीटर' म्हणायचं. तीन पूर्णांक बावीस शतांश लिहिलं तर वाटेल की म्हातारा हातात टेप घेऊन चालला होता. आणि कुणी विहीर तीस फूट सांगितली असेल तर ती नऊ मीटर. गावाचा मोठेपणा म्हणून दहा करायची नाही. तुम्ही हे म्हणायचात तेव्हा मला तुमचा अभिमान वाटायचा. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते तासभर समजावून दिलं असतं.

तुमचा पुतण्या रमेश एकदा असाच काम चालू असताना आला. दापोड्याला त्याची गोडाऊनं आहेत. दोन पानं चाळून म्हणाला, "काका, मीटर कोन वाचनार? आपल्याकडं गोडाऊन स्क्वेअर फुटातच जातं. पोरांना फूटच कलतं." तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने चहा अर्धा टाकून गाडी काढली. तो गेल्यावर मी म्हटलं, त्याची दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना मराठीच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. फूट असो की मीटर, कुणासाठी हे चाललंय? तुम्ही म्हणालात, "असेल कोणीतरी." गुरुजी, मी पंधरा दिवस या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतेय. तसं कुणी नाही.

मग ते पान आलं. मी नेहमीच्याच आवाजात वाचलं. पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवताना येतो तो आवाज मला अशा वेळी उपयोगी पडतो. तीन फुटाशी थांबले. हे गणित तर तुम्हाला झोपेत येणारं. पण तुमचे डोळे मिटलेलेच राहिले. मग म्हणालात, "लिही, सव्वा मीटर."

मी पेन धरून बसले. म्हटलं, "तीन फूट म्हणजे एक्क्याण्णव सेंटिमीटर. गोल केलं तर नव्वद. हे मला तुम्हीच शिकवलंय."

"सव्वा मीटर लिही."

"वाढवायचं नाही हा नियम कुणाचा?"

तेव्हा तुम्ही बोललात ते पुस्तकातलं मराठी नव्हतं. तुमची शाळेतली भाषा गळून पडली. "भरती व्हती तवा. पानी जास्त असल."

"मी त्या पाण्यात उभी होते, गुरुजी. कमरेला होतं."

तुम्ही उठलात आणि भिंतीला हात लावत आत गेलात. त्या दिवसानंतर पुढची सगळी पानं झाली. ते पान आलं की तुम्ही म्हणायचात, उद्या बघू. जन्मभर एका आकड्याने इकडेतिकडे न झालेला माणूस एवढ्या एका ठिकाणी फूटभर पाणी वाढवून मागत होता. आणि ते मी देत नव्हते.

का मागत होता, ते मला कळलं नाही असं तुम्हाला वाटलं का?

बांधाला भगदाड पडलं होतं. खारं पाणी भाताच्या शेतात शिरायच्या आत ते बुजवायचं म्हणून सगळे पुरुष चिखलात उतरले होते. शाळेला सुट्टी, म्हणून तुम्हीही गेलात, आणि विनू तुमच्या पाठोपाठ. उघाडी म्हणजे काय, ते तुम्ही पुस्तकात किती छान लिहिलंय: भरतीला खाडी बाहेर ठेवणारं आणि ओहोटीला शेताचं पाणी सोडून देणारं बांधातलं लाकडी दार. त्या दाराच्या आतल्या अंगाला पाण्याने खणलेला खड्डा होता. विनू त्याच्या कडेला बिळांत चिंबोरी शोधत बसला होता. मी भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून येत होते. कुणीतरी तुम्हाला ओरडून म्हणालं, "मास्तर, पोर पान्याकडं जातंय." आणि तुम्ही कुदळ न थांबवता म्हणालात, "तीनच फूट पानी हाय. काय व्हत न्हाय."

ते मी ऐकलं होतं, गुरुजी. मी ऐकलं हे तुम्हाला माहीत होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही, तुम्ही काढलं नाहीत. मी पाटी उतरवली, भाकऱ्या वाटायला घेतल्या, आणि विनूला हाक मारली तेव्हा कडेला कुणी नव्हतं. खड्ड्यात मी उतरले. पाणी गढूळ होतं, पायाने चाचपून शोधावं लागलं. माझ्या पायाला लागला.

त्यानंतर तुमच्या तोंडून मी फूट हा शब्द ऐकला नाही. लोक म्हणायचे, मास्तर फार काटेकोर, घरातसुद्धा मीटरच बोलतात. मी पण हसायचे त्यांच्याबरोबर. वेड आधीपासून होतंच, तेव्हा मी ठामपणे काही सांगू शकत नाही. पण आधी तुम्ही शाळेत मीटर आणि घरी फूट बोलायचात, सगळ्या गावासारखे. घरातला फूट कधी गेला, ते मला माहीत आहे.

तुमच्यावर मला राग होता का? होता. काही वर्षं तर इतका होता की तुम्ही ताटावर बसलात की मी पाठ करून बसायचे. पण त्याच वर्षांत दुसरंही एक चाललं होतं. विहिरीवर तुम्ही मला कधी एकटीला जाऊ दिलं नाहीत. शाळेत जायच्या आधी पाणी तुम्ही भरायचात, दोन्ही हातांत कळशा घेऊन, सगळ्या बायकांच्या मधून. पुरुष हसायचे, "मास्तरनीनं मास्तरला कामाला लावलाय." तुमची आई दोन दिवस जेवली नव्हती त्या लाजेने. नळ आला तेव्हा पण पहिले काही दिवस तुम्हीच जाऊन बादली लावायचात. पुढे आपल्याला मूल झालं नाही, आणि तेवढ्यावरून कुणी मला काही बोललं तर तुम्ही त्या घरी परत पाऊल टाकलं नाहीत. हे सगळं मी बघत होते. आभार मानायची पद्धत आपल्यात नव्हती. आज मानते म्हणावं तर समोर हार घातलेला फोटो आहे, आणि त्या फोटोत तुम्ही तुम्हाला न आवडणारा सदरा घातलाय.

ठाण्याच्या दवाखान्यात शेवटी तुम्ही फारसं बोलत नव्हता. एकदा डोळे उघडून विचारलंत, "त्या पानाचं काय केलंस?"

मी म्हटलं, "तसंच आहे. तुम्ही घरी आलात की बघू."

तुम्ही म्हणालात, "सव्वा नको तर एक तरी लिही." आणि मी हसून म्हटलं, "अहो, नियम म्हणजे नियम." पहिल्यांदाच अहो म्हटलं असेल. तुम्हीही हसल्यासारखं केलंत. मला वाटलं होतं की हे भांडण अजून खूप दिवस चालेल.

म्हणून आज मी छापखान्यात जाताना ठरवूनच निघाले, की सव्वा मीटर लिहायचं. तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. आणि तपासणार कोण? रिक्षा बांधावरून गेली, म्हणजे बांध होता तिथून. उघाडीच्या जागी भराव टाकून टाकून माझ्या डोक्याएवढी उंच जमीन केलीय, वर निळ्या पत्र्याचं गोडाऊन. खड्डा नाही, खाडीचं पाणी तिकडे फिरकत नाही. बघितलेली माणसं गेली. जे पाणीच राहिलं नाही ते तीन फूट होतं की चार, याने कुणाचं काय बिघडतंय? तुमच्या नियमापेक्षा तुम्ही मोठे, असं मी स्वतःला बजावत गेले.

नसीमने खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचा बाप लूमवर कामाला होता, पोरगी मराठी टायपिंग शिकून या छापखान्यात लागली. तुमचं पुस्तक पहिल्यापासून तिनेच टाइप केलंय, तेव्हा खरं तर माझ्याशिवाय ते पूर्ण वाचलेली ती एकटीच. तिने कॉम्प्युटरवर ते पान काढलं आणि म्हणाली, "हां बाई, बोला. काय लिहू?"

मी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही ग्रामस्थ महिला... तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"केवढा होता, बाई?"

तिला वय विचारायचं होतं. पण मी उभी राहिले आणि हाताने दाखवलं, "एवढा." पोराची उंची दाखवतात तसा, तळवा आडवा धरून. इतक्या वर्षांत मी हे कुणाला दाखवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. तरी हात आपणहून बरोबर तिथे जाऊन थांबला. त्याचं डोकं माझ्या हाताला लागल्यासारखं वाटलं.

नसीम म्हणाली, "मेरावाला भी इतनाच है," आणि तिने तोंड फिरवलं. मी माझ्या हाताकडे बघत होते. तो कमरेच्या खाली होता, गुरुजी. चार बोटं खाली.

मी तिला म्हटलं, तीन फूटच ठेव. शेजारी मीटर नको, कंस नको, काही नको. फक्त 'एक ग्रामस्थ महिला सांगतात' काढ आणि 'माझी पत्नी सांगते' लिही. एवढा बदल मी तुम्हाला न विचारता केला, त्यावर आता भांडायला येऊ नका. तिने केलं, कागद काढून मला वाचायला दिला, आणि संध्याकाळी ते पान छापायला गेलं.

ते पाणी तुमच्या मांडीला आणि माझ्या कमरेला लागत होतं, म्हणून आपण दोघं जन्मभर ते थोडं धरून बसलो. थोड्या पाण्यात आपलं पोर गेलं, याची तुम्हाला शरम होती, आणि मला त्या थोड्या पाण्याचा राग. ते वाढवायची गरज नव्हती. हे कळून तुमच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं, की 'तीनच फूट' म्हणालात ते दुप्पट टोचलं असतं? मी घरी आल्यापासून यावर विचार करतेय आणि मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर बहुतेक मी सांगितलंच नसतं. पाठ करून चहा टाकला असता आणि पुढचं पान वाचायला घेतलं असतं. आता तुम्ही नाही, म्हणून सांगतेय, आणि सांगून काही होणार नाही हे समजून सांगतेय. विनू त्या खड्ड्यात सरळ उभा असता, तरी आपल्याला दिसला नसता.